384 तास : पाण्याच्या पेल्यापासून व्हेंटिलेटरपर्यंत

जानेवारी 2025. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून, म्हणजे धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागांतून, कालपरवापर्यंत धडधाकट असलेली माणसं पायांतलं बळ गेल्याची तक्रार घेऊन रुग्णालयात येऊ लागली. 21 जानेवारीला राज्याच्या आरोग्य विभागाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं, तेव्हा संशयित रुग्ण दोन डझनांच्या आसपास होते. आठवडाभरात आकडा शंभराच्या पुढे गेला. 27 तारखेला केंद्राने सात तज्ज्ञांचं पथक पुण्याला धाडलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दोनशेचा टप्पाही मागे पडला. आजाराचं नाव होतं गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत नोरोव्हायरस सापडला आणि त्याच्यासोबत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू.

खालचा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. यातला माणूस प्रातिनिधिक आहे. जिवाणू मात्र खरा, आणि त्याने कोणत्या टप्प्यावर काय केलं असावं हे गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनातून जुळवलेलं. प्रत्येक रुग्णात तास थोडे पुढे-मागे होतात, क्रम सहसा हाच राहतो. शून्य हा तो क्षण, जेव्हा या माणसाला स्वतःचा श्वास स्वतः घेता येईनासा होतो.

शून्याला 384 तास बाकी. रात्री 9

धायरी फाट्याजवळच्या एका दुकानात काम करणारा तिशीतला तरुण घरी येतो, चपला काढतो आणि पिंपातलं पेलाभर पाणी उभ्या-उभ्या पिऊन टाकतो. पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही, चव नेहमीचीच.

या पट्ट्यातली बरीचशी गावं 2017 आणि 2021 मध्ये दोन टप्प्यांत महापालिकेत आली. हद्द वाढली, इमारती वाढल्या, नळाचं पाणी मात्र त्या वेगाने सुधारलं नाही. नांदेड गावाजवळच्या एका मोठ्या विहिरीतून होणारा पुरवठा शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून होत असल्याचं साथीच्या काळात उघड झालं. ज्यांना नळाचा भरवसा नाही, ते टँकर मागवतात किंवा कोपऱ्यावरच्या आरओवाल्याकडून 20 लिटरचा जार भरून आणतात.

पेल्यात काही शे जिवाणू आहेत. कॅम्पिलोबॅक्टरला तेवढे पुरतात. 1981 साली ब्रिटनमधल्या एका संशोधकाने दुधात सुमारे 500 जिवाणू घालून ते स्वतः प्यायले आणि ते आजारी पडले. पटकीच्या जिवाणूला निरोगी माणसाला पाडायला साधारणपणे लाखोंची फौज लागते.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. हा जिवाणू बाहेरच्या जगात नाजूक आहे. मोकळ्या हवेतला ऑक्सिजन त्याला सोसत नाही, उकळत्या पाण्यात तो टिकत नाही, क्लोरीनपुढे तर नाहीच. भारतीय मानकानुसार घरच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं लागतं. तेवढं या पेल्यात असतं, तर पुढचे 384 तास घडलेच नसते.

380 तास बाकी. रात्री 1

जठरातल्या आम्लात बरेच जिवाणू मरतात. पण रिकाम्या पोटी प्यायलेलं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही, आणि त्याच्यासोबत काहीजण लहान आतड्यात पोचतात.

इथे ऑक्सिजन कमी आहे, म्हणजे त्यांच्या सोयीचा. तापमान 37 अंश. त्यांचं आवडतं तापमान 42 अंशांच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या पोटातलं, पण 37 वरही त्यांचं भागतं. पित्तरस अनेक जिवाणूंना मारतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत मात्र पित्तातल्या एका घटकामुळे पेशीत घुसण्याची यंत्रणा कामाला लागते.

हा मळसूत्रासारखा वळलेला जीव आहे, दोन्ही टोकांना एकेक चाबूक. त्या चाबकांच्या जोरावर तो आतड्यावरच्या चिकट श्लेष्म्यात फिरकी घेत शिरतो. इतर जिवाणू जिथे रुततात, तिथे हा सरसर पुढे जातो. श्लेष्म्यातली फ्युकोज ही साखर आणि सेरिन हे अमिनो आम्ल यांचा माग काढत तो पेशींच्या भिंतीपर्यंत पोचतो.

360 तास बाकी. दुसऱ्या दिवशी रात्री 9

माणूस जेवून टीव्ही पाहतोय. त्याला काहीही होत नाहीये.

प्रयोगशाळेत सगळं अनुकूल असलं की हा जिवाणू साधारण दीड तासात दुप्पट होतो. हाच वेग धरला, तर 500 चे 24 तासांत सव्वातीन कोटींवर होतात. पोटात आम्ल, पित्त आणि आधीपासून ठाण मांडून बसलेले कोट्यवधी जिवाणू आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष वेग कमी असतो. दिशा मात्र तीच.

संख्या वाढतेय हे एकट्या जिवाणूला कसं कळावं? त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. तो एक छोटासा रेणू तयार करून बाहेर सोडतो. शेजारचाही तेच करतो. थोडेच जिवाणू असतील तर रेणू वाहून जातात. गर्दी झाली की रेणूंचं प्रमाण वाढतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की सगळ्यांच्या पेशीत एकाच वेळी तीच जनुकं चालू किंवा बंद होतात. पुण्यातल्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हेच चालतं. हजेरीपटावर पुरेशा सह्या नाहीत, तोवर विषयपत्रिकेतल्या एकाही विषयाला हात लावायचा नाही, आणि गणपूर्ती झाली की पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळे ठराव एका दमात मंजूर.

शास्त्राला याचा पत्ता लागला तो समुद्रात. हवाईजवळच्या उथळ पाण्यात हाताच्या अंगठ्याएवढा एक स्क्विड राहतो. त्याच्या पोटाखालच्या अवयवात व्हिब्रिओ फिशेरी हे जिवाणू दाटीने राहतात आणि रात्री उजेड देतात. तेच जिवाणू समुद्राच्या पाण्यात विरळ पसरलेले असतात तेव्हा अंधारात असतात. 1970 साली नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की उजेड पाडायचा की नाही, हे संख्येवर ठरतं. 1994 मध्ये फ्यूक्वा, विनन्स आणि ग्रीनबर्ग यांनी या यंत्रणेला क्वोरम सेन्सिंग म्हटलं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या बॉनी बॅसलर यांच्या गटाने पुढे एआय-2 हा रेणू समोर आणला. तो एका जातीचा नाही, जिवाणूंच्या अनेक जातींमध्ये सापडतो, आणि त्याच्या एका रूपात चक्क बोरॉन असतो.

हा संवाद दरवेळी 'हल्ला करा' असाच असतो, असं मात्र नाही. पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी उलटा वागतो. विरळ असताना तो आतड्याला चिकटतो आणि विष बनवतो. गर्दी झाल्याचा निरोप मिळाला की विष बंद करून सुटायच्या तयारीला लागतो, कारण आता जुलाबाच्या पाण्यातून पुढच्या माणसाकडे जाण्यातच त्याचा फायदा असतो.

आणि कॅम्पिलोबॅक्टर? त्याच्याकडे लक्स-एस हे एंझाइम आहे, आणि तो एआय-2 बनवतो, हे 2002 मध्ये सिद्ध झालं. लक्स-एस जनुक बिघडवलेल्या जिवाणूंची पोहण्याची ताकद कमी झालेली आढळली, चाबकाच्या प्रथिनाचं जनुक मंदावलेलं दिसलं, कोंबडीच्या आतड्यात बस्तान बसवतानाही ते कमी पडले. पण हा निरोप ऐकणारा कान, म्हणजे एआय-2 पकडणारा नेमका ग्राहक, या जिवाणूत अजून नक्की सापडलेला नाही. शिवाय लक्स-एस पेशीतल्या गंधकयुक्त रसायनांची झाडलोटही करतं. म्हणून काही संशोधक याला संवाद म्हणतात, तर काहींच्या मते हा नुसता टाकाऊ माल बाहेर टाकण्याचा प्रकार आहे. वाद चालू आहे. पोटातली गर्दी त्या वादासाठी थांबलेली नाही.

334 तास बाकी. तिसऱ्या दिवशी रात्री 11

जिवाणू आता आतड्याच्या पेशींना भिडलेत. ज्या चाबकांनी पोहत आले, त्यांच्याच पोकळ नळीतून ते काही प्रथिनं बाहेर सोडतात, आणि त्यांच्या मदतीने पेशीत शिरतात. त्यांचं एक विष पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनए तोडतं. पेशी फुगते, विभागायची थांबते, मरते.

शरीराचा पहारा कुठे आहे? आतड्याच्या पेशींवर टीएलआर-5 नावाचा एक ग्राहक असतो. जिवाणूच्या चाबकाचं प्रथिन दिसलं की तो धोक्याचा इशारा देतो. साल्मोनेलाला तो लगेच ओळखतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या चाबकातला नेमका तोच तुकडा बदललेला आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा ग्राहक गप्प बसतो. बाकीच्या यंत्रणा जाग्या होईपर्यंत वेळ निघून गेलेला असतो.

310 तास बाकी. चौथ्या दिवशी रात्री 11

पोटात मुरडा येतो. पहाटेपर्यंत सहा वेळा जावं लागतं. अंगात ताप, शौचात थोडं रक्त. आई जिऱ्याचं पाणी देते, तांदळाची पेज करते. सकाळी गल्लीतले डॉक्टर पोट तपासतात, ओआरएसची पाकिटं आणि गोळ्या देतात आणि विचारतात, "बाहेरचं काय खाल्लं होतं?" पाण्याचा विषय निघत नाही. त्या दिवशी त्यांच्या बाकावर जुलाबाचे आणखी काही रुग्ण बसलेले आहेत.

हा या सगळ्या घटनाक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा तास आहे, आणि नेमका तोच कुणाच्या लक्षात राहत नाही. रुग्णाच्या एक ग्रॅम शौचात आता दहा लाखांपासून एक अब्जापर्यंत कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात. निदान करायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पण हा जिवाणू नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. त्याला जेमतेम 5 टक्के ऑक्सिजन, 42 अंशांचं तापमान, वेगळं माध्यम आणि किमान दोन दिवस लागतात. म्हणूनच तर 1886 मध्ये एशेरिश यांनी लहान मुलांच्या शौचात हे वळलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तरी माणसाच्या जुलाबांमागे ते सर्रास असतात हे वैद्यकविश्वाला पटायला 1977 उजाडावं लागलं. त्या वर्षी स्किरो या इंग्लिश डॉक्टरांनी कल्चरची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. आजही साध्या जुलाबासाठी शौचाचं कल्चर कोणी करून घेत नाही, आणि करायला सांगितलं तरी कॅम्पिलोबॅक्टरसाठीची वेगळी सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते.

एका माणसाचे जुलाब ही बातमी नसते. एकाच वॉर्डात, एकाच विहिरीच्या किंवा एकाच आरओच्या पाण्यावर राहणाऱ्या माणसांचे जुलाब एका आठवड्यात वाढले, तर ती बातमी असते. एकात्मिक रोग सर्वेक्षणात तीव्र अतिसाराची नोंद घ्यायची व्यवस्था देशात आहे. सरकारी दवाखान्यातून आकडे त्यात जातात. शहरातली बहुतांश माणसं मात्र गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातात, आणि तिथली नोंद केसपेपरवरच राहते.

264 तास बाकी. सहाव्या दिवशी रात्री 9

जुलाब ओसरतायत. पेशंटला वाटतं सुटलो. आतड्याच्या भिंतीतल्या लसिका ग्रंथींमध्ये मात्र आता खरं काम सुरू झालंय.

कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावर मेद आणि साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. काही वाणांमध्ये या साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल जोडलेलं असतं. ही रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-1 आणि जीडी-1ए नावाच्या रेणूंशी हुबेहूब जुळते. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी 1993 मध्ये जीबीएसच्या रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूत ही जुळणी दाखवून दिली. उत्तर चीनच्या खेड्यांत उन्हाळ्यात येणाऱ्या अशाच लकव्यांचा उलगडाही त्याच सुमारास होत होता.

जिवाणूला हे सोंग का लागतं? शरीरासारखं दिसलं की शरीराच्या पहाऱ्यातून निसटणं सोपं जातं. तो हे आवरण बदलूही शकतो. त्याच्या काही जनुकांमध्ये एकच अक्षर ओळीने आठ-दहा वेळा येतं. प्रत बनवताना तिथे एखादं अक्षर कमी-जास्त झालं की जनुक बंद पडतं किंवा चालू होतं. त्यामुळे एकाच पोटात, एकाच जिवाणूच्या वंशात वेगवेगळी आवरणं घातलेले जीव तयार होत राहतात.

बहुतेक माणसांची रोगप्रतिकारशक्ती या सोंगाला फसत नाही, म्हणजे स्वतःवर उलटत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार संसर्गांमागे एकाला जीबीएस होतो. आपला माणूस त्या हजारातला एक आहे. त्याच्या बी-पेशी जिवाणूच्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागल्या आहेत, आणि त्या प्रतिपिंडांना जिवाणू आणि मज्जातंतू यांतला फरक कळत नाही.

168 तास बाकी. दहाव्या दिवशी रात्री 9

तो तीन दिवसांपूर्वीच कामावर रुजू झालाय. भूक लागते. आज दुकानातला माल उतरवताना तो सगळ्यांच्या पुढे होता.

पोटातली जिवाणूंची गर्दी आता पांगतेय. जो काही निरोपांचा खेळ होता तो संपला. जीबीएस होण्यासाठी जिवाणू जिवंत असावा लागत नाही, हेच या आजाराचं वैशिष्ट्य. म्हणून या टप्प्यावर प्रतिजैविकं देऊन लकवा थांबत नाही. रक्तातली प्रतिपिंडं दिवसागणिक वाढतात, आणि कुठल्याही नेहमीच्या तपासणीत ती दिसत नाहीत.

87 तास बाकी. चौदाव्या दिवशी सकाळी 6

जाग येते ती तळपायांना मुंग्या आल्याने. कंबरेत ठणका. तो आईला म्हणतो, "आई, पाय भरून आल्यासारखे वाटतायत." आई म्हणते, "अरे, जुलाबाने अशक्तपणा आलाय. दोन दिवस गाडी चालवू नकोस."

जिना उतरताना तो कठडा धरतो. याआधी कधी धरला नव्हता.

60 तास बाकी. पंधराव्या दिवशी सकाळी 9

दुकानाकडे चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते. चार पावलांनी पुन्हा निसटते.

आपल्याकडचे मेंदूविकारतज्ज्ञ पेशंटला हा प्रश्न हमखास विचारतात : "चप्पल निसटते का? आणि निसटल्याचं कळतं का?" निसटते पण कळत नाही, तर संवेदना नेणारे तंतू बिघडलेत. निसटल्याचं कळतं पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, तर स्नायूंना हुकूम देणारे तंतू बिघडलेत. याला कळतंय. कॅम्पिलोबॅक्टरनंतरच्या जीबीएसमध्ये बऱ्याचदा हेच होतं. प्रतिपिंडं चालक मज्जातंतूंच्या उघड्या सांध्यांवर जाऊन बसतात. रक्तातली पूरक प्रथिनं तिथे जमा होतात आणि तंतूच्या पटलाला भोकं पाडतात. विद्युत संदेश त्या सांध्यांवरून उड्या मारत पुढे जायचा, तो आता अडतो. मेंदू 'उचल' म्हणतो, पाय जागचा हलत नाही.

36 तास बाकी. सोळाव्या दिवशी सकाळी 9

खुर्चीतून उठता येत नाही. दोघांनी धरून रिक्षात बसवलेलं. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतो. काही नाही. पुन्हा मारतो. पाय स्थिर. तो विचारतो, "गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का?"

मग सगळं भराभर होतं. मज्जातंतूंची वहन चाचणी. पाठीतून पाणी काढून त्यातल्या प्रथिनांची तपासणी. उपचार दोनच : प्लाझ्मा बदलणं किंवा आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम. एकेका इंजेक्शनची किंमत हजारांत, एकूण बिल लाखांत. साथीत राज्य सरकार आणि महापालिकेला रुग्णांच्या खर्चाचा प्रश्न हाती घ्यावा लागला तो यामुळेच.

औषध लगेच सुरू होतं. पण ते नवा मारा रोखतं. आधी भोकं पडलेले तंतू त्याने एका रात्रीत सांधले जात नाहीत.

24 तास बाकी. रात्री 9

आयसीयूतल्या सिस्टर खाटेशी येतात. "दादा, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने आकडे मोजा. मध्ये श्वास नाही घ्यायचा."

तो मोजतो. एकोणतीसवर थांबतो. सिस्टर तक्त्यावर 29 लिहितात.

बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 98 टक्के आहे. नातेवाइकांना तेवढ्याने हायसं वाटतं. जीबीएसमध्ये हा आकडा फसवतो. छातीचा भाता दमत जातो आणि अगदी शेवटपर्यंत ऑक्सिजन ठीक दिसतो. म्हणून डॉक्टर श्वासाची ताकद मोजतात, आणि यंत्र हाताशी नसेल तर आकडे मोजून घेतात. निरोगी माणूस सहज चाळीस-पन्नासपर्यंत जातो. वीसच्या खाली आलं की भूलतज्ज्ञांना निरोप जातो.

6 तास बाकी. दुपारी 3

सकाळी आकडा 21 होता. आता 14. आवाज नाकातून येतोय. पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो. मान उशीवरून उचलता येत नाही, आणि मान उचलणारे स्नायू गेले की श्वासाचे स्नायू फार मागे नसतात. रक्तदाब एकदा 170 वर चढतो, थोड्या वेळाने 95 वर येतो, कारण आपोआप चालणाऱ्या क्रियांचे तंतूही सुटलेले नाहीत.

तो पूर्ण शुद्धीत आहे. त्याला सगळं ऐकू येतंय.

शून्य. रात्री 9

"मोजा."

सातवर थांबतो. घशात नळी जाते. श्वास आता यंत्र घेतं.

जीबीएसच्या रुग्णांपैकी साधारण 20 ते 30 टक्क्यांना ही वेळ येते.

शून्यानंतर 48 तास

व्हेंटिलेटरला 48 तास झाले की त्यानंतरच्या न्यूमोनियाला वेगळं नाव मिळतं : व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया. आणि इथे जिवाणूंच्या संवादाबद्दल कुणालाच शंका उरत नाही.

प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या बाजूला स्यूडोमोनास एरुजिनोसा जमू शकतो. त्याच्याकडे एकात एक गुंतलेल्या निरोपांच्या अनेक व्यवस्था आहेत. त्यातली लास नावाची व्यवस्था संख्या पुरेशी झाल्याचा निरोप पोचवते आणि फुप्फुसाचं ऊतक विरघळवणारी एंझाइमं सुटतात. तिच्या हुकुमातली पुढची व्यवस्था निळसर-हिरवं पायोसायनिन बनवायला लावते. 1998 मध्ये प्रयोगशाळेत या जिवाणूचा निरोप देणारा रेणू काढून घेतला, तेव्हा त्याने बांधलेला चिकट थर पातळ आणि कच्चा निघाला, साध्या साबणद्रव्याने निघून जाईल इतका. म्हणजे त्याला मारलं नाही, फक्त मुका केला, तरी तो निम्मा निकामी होतो. औषधशास्त्रज्ञांना यातून एक रस्ता दिसला. जिवाणूला मारायला गेलं की जो वाचतो तो औषधाला पुरून उरतो. नुसतं बोलणं तोडलं तर तो दबाव कमी पडावा. अझिथ्रोमायसिन मारक मात्रेपेक्षा कमी प्रमाणातही स्यूडोमोनासच्या निरोपांमध्ये व्यत्यय आणतं, हे दिसलेलं आहे. पण फक्त निरोप तोडणारं औषध अजून आयसीयूच्या ट्रॉलीवर आलेलं नाही. तोवर खाटेचं डोकं 30 अंश उंच ठेवणं, तोंडाची स्वच्छता, आणि प्रत्येकाने प्रत्येक वेळी हात धुणं, हीच खरी साधनं.

आपला माणूस तीन आठवड्यांनी यंत्रावरून सुटतो, आणि चार महिन्यांनी काठीच्या आधाराने चालतो. बहुतेकांचं असंच होतं. काहींच्या पायांत कमजोरी कायमची राहते. उत्तम आयसीयू असूनही शंभरातले तीन ते सात दगावतात. पुण्याच्या साथीतही मृत्यू झाले.

हिशेब

साथ डोळ्यांसमोर आल्यावर शहर हललं, यात शंका नाही. घरोघर सर्वेक्षण झालं, पाण्याचे नमुने घेतले गेले, महापालिकेने नांदेड गाव, धायरी आणि आसपासचे 30 खासगी पाणी प्रकल्प सील केले. पण शहर हललं ते लकवे मोजून, आणि लकवा हा या घटनाक्रमाचा शेवटचा चतुर्थांश आहे. वरच्या तासांकडे पुन्हा पाहा : जुलाब सुरू झाले तेव्हा 310 तास बाकी होते, पायाला मुंग्या आल्या तेव्हा 87. मधले 223 तास, म्हणजे नऊ दिवसांहून जास्त, गल्लीतल्या दवाखान्यांतल्या केसपेपरांमध्ये पडून होते. लकवा झालेल्या एका माणसामागे जुलाब होऊन बरे झालेले शेकडो असावेत, आणि ते सगळे आधी आजारी पडले होते.

मागणी मोठी नाही. वॉर्डातल्या खासगी दवाखान्यांनी दर आठवड्याला जुलाबाच्या रुग्णांचा फक्त आकडा कळवावा. महापालिकेने तो वॉर्डनिहाय जाहीर करावा, आणि त्याच्या शेजारी त्या आठवड्यात नळाशी मोजलेलं क्लोरीनही छापावं. आकडा नेहमीच्या दुप्पट झाला की शौचाचे दहा नमुने कॅम्पिलोबॅक्टरसाठी लॅबला जावेत. ना त्याला नवं यंत्र लागतं, ना नवा कायदा. आरओवाल्याच्या टाकीत क्लोरीनची पट्टी बुडवून पाहायला एक मिनिट पुरतं. आणि घरच्यांसाठी एवढंच : जुलाब बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत पायातली चप्पल निसटू लागली, तर अशक्तपणा म्हणून घरी थांबू नका. आयसीयूची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा.